पहिल्या प्सुसेनेसची कारकीर्द ४१ वर्षांची, ४६ची की ४९ची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात अख्खी चांदीची शवपेटी आणि सोन्याचा मुखवटा पाहिला. गाईडनं राजाचं नाव 'प्सुसेनेस पहिला' असं सांगितलं आणि त्यानं सेहेचाळीस वर्षं राज्य केलं म्हणाला. घरी येऊन वाचलं तर कुठे ४१, कुठे ४९, सनही एकमेकांशी जुळेनात. मग खरं काय? आणि एवढा श्रीमंत राजा असूनही त्याच्या कारकिर्दीबद्दल दोन पानंसुद्धा का सापडत नाहीत?

आकडा आधीच सांगून टाकतो. माझ्या मते त्याचं राज्य पंचेचाळीसच्या पुढे आणि पन्नासच्या आत होतं. एकच आकडा हवा असेल तर मी अठ्ठेचाळीस पूर्ण आणि एकोणपन्नासावं चालू असं म्हणेन. पण हे उत्तर एका अटीवर उभं आहे. कापडाच्या एका पट्टीवर लिहिलेलं 'वर्ष ४९' कुणाचं, याचा निवाडा आधी करावा लागतो. तो दुसऱ्या बाजूनं केला तर आकडा हातातून निसटतो आणि मानेथो या प्राचीन इजिप्शियन इतिहासकाराच्या यादीवर विसंबण्याशिवाय फारसं काही उरत नाही. म्हणून किती वर्षं हे विचारण्याआधी ती वर्षं कोणाच्या नावानं मोजली जात होती, हे विचारायला हवं.

माझं काम आपल्याकडच्या लेण्यांतले शिलालेख वाचण्याचं आणि प्राचीन कालगणना शिकवण्याचं. इजिप्तची कालगणना मी त्याच तासांना शिकवतो, कारण तिथली अडचण आपल्या विद्यार्थ्यांना चटकन कळते. नाशिकच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाच्या काळचे लेख आहेत, त्यांत ४१, ४२, ४५ ही वर्षं येतात. जुन्नरच्या लेण्यात त्याचा अमात्य अयम याच्या लेखात ४६ हे वर्ष आहे. ही नहपानाची राज्यवर्षं की एखाद्या चालू संवताची, यावर पिढ्यान् पिढ्या वाद झाला. राज्यवर्षं धरली तर नहपान सेहेचाळीस वर्षं गादीवर. संवत धरला तर त्याची कारकीर्द लहान असू शकते आणि पुढचामागचा सगळा इतिहास सरकतो. दगडावरचा आकडा दोन्ही पक्षांना मान्य आहे. भांडण आहे ते आकडा कोणाच्या खात्यावर टाकायचा याचं. प्सुसेनेसचं प्रकरण हुबेहूब या जातीचं आहे, फक्त त्यात दोन सख्खे भाऊ आहेत.

त्या भावांकडे जाण्याआधी देशाची अवस्था सांगतो, नाहीतर पुढचं काही लागणार नाही.

इ.स.पू. १०७०च्या सुमारास अकरावा रामेसेस वारला आणि इजिप्तच्या इतिहासात ज्याला 'नवं राज्य' म्हणतात तो काळ संपला. तोवर देश आतून दुभंगलेला होता. उत्तरेला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, स्मेंदेस नावाच्या सत्ताधीशानं तानिस या शहरात राजपद घेतलं. दक्षिणेला थीब्जमध्ये, म्हणजे आजच्या लक्सरला, आमुन देवाचा प्रमुख पुरोहित हाच सेनापती आणि हाच कारभारी. हेरिहोर, मग पिनेद्जेम पहिला, अशी ती माणसं. पिनेद्जेमनं तर पुढे राजाच्या पदव्याही लावून घेतल्या. गंमत म्हणजे युद्ध झालं नाही. उत्तरेचं राजघराणं आणि दक्षिणेचं पुरोहित घराणं एकमेकांत लग्नं करत राहिली आणि दोन्हीकडे नाती इतकी गुंतली की फाळणी म्हणावी तर तीही पूर्ण नाही.

आपला प्सुसेनेस हा याच पिनेद्जेमचा मुलगा, आई हेनुत्तावी. म्हणजे दक्षिणेच्या पुरोहिताचा मुलगा उत्तरेत जाऊन राजा झाला. त्याचा भाऊ मेनखेपेर्रे थीब्जला प्रमुख पुरोहित झाला. प्सुसेनेसची राणी मुतनोद्जमेत ही त्याची बहीणच. आणि त्याची मुलगी इसेतेमखेब हिचं लग्न काकाशी, मेनखेपेर्रेशी लावून दिलं. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण राजघराण्याच्या हिशेबानं हा चोख व्यवहार होता. सातबारा एका भावाच्या नावावर आणि जमीन कसतो दुसरा, पण दोघांनाही ती बाहेर जाऊ द्यायची नाही, तसला.

आता पुरावे एकेक करून बघू.

पहिला पुरावा मानेथोचा. हा इजिप्शियन पुरोहित इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेला, म्हणजे प्सुसेनेसनंतर सातशे वर्षांनी. त्यानं ग्रीकमध्ये राजवंशांचा इतिहास लिहिला. मूळ ग्रंथ हरवला, नंतरच्या लेखकांनी उतरवून घेतलेले उतारे उरले. आफ्रिकानसच्या उताऱ्यात प्सुसेनेसला ४६ वर्षं दिली आहेत, युसेबियसच्या उताऱ्यात ४१. तुम्हाला सापडलेले दोन आकडे इथूनच आले. ग्रीकमध्ये आकडे अक्षरांनीच लिहीत आणि ४१ व ४६ यांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे. नकलाकाराच्या हातून असं एक अक्षर बदलणं ही रोजची गोष्ट. आपल्या पुराणांत सातवाहन राजांची संख्या आणि त्यांची वर्षं पोथीगणिक बदलतात, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला याचं नवल वाटणार नाही.

मानेथोवर मी किती विश्वास ठेवतो? आकड्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी, क्रमाच्या बाबतीत कमी. त्याच्या यादीत नेफेरखेरेस नावाचा चार वर्षांचा राजा प्सुसेनेसच्या नंतर येतो. मेम्फिसच्या पुरोहितांची एक कोरीव वंशावळ बर्लिनमध्ये आहे. तिच्यात मात्र हाच राजा, त्याचं इजिप्शियन नाव आमेनेमनिसुत, प्सुसेनेसच्या आधी आहे. आणि प्सुसेनेसच्या थडग्यात धनुष्याच्या टोकाला बसवायची सोन्याची टोपणं सापडली, त्यांवर या दोघांचीही नावं शेजारी शेजारी आहेत. म्हणजे दोघे काळानं अगदी लागून होते, कदाचित काही काळ एकत्रही राज्य करत होते. हे 'कदाचित' महत्त्वाचं आहे. एकत्र राज्य केलेली वर्षं धरायची की वगळायची यावरही कारकिर्दीचा आकडा दोन-तीन वर्षांनी हलतो.

दुसरा पुरावा थीब्जकडचा, आणि खरी मजा इथे आहे. प्सुसेनेसच्या स्वतःच्या शहरात, तानिसला, त्याच्या राज्यवर्षांच्या नोंदी जवळजवळ नाहीतच. त्रिभुज प्रदेशात पपायरस टिकत नाही, सगळं ओलीनं कुजतं. तारखा मिळतात त्या दक्षिणेच्या कोरड्या थीब्जला, आणि त्याही बऱ्याचशा ममीच्या पट्ट्यांवर. देवळात विणलेल्या तागाच्या कापडावर ते कोणत्या वर्षी, कोणत्या प्रमुख पुरोहिताच्या काळात केलं हे शाईनं लिहीत. तेच कापड पुढे ममी गुंडाळायला वापरलं जाई. म्हणजे ही देवळाच्या कोठीची नोंद आहे, राजाचं गुणगान नाही. म्हणूनच मला ती मोलाची वाटते. तिच्यात खोटं बोलायचं कुणाला कारण नव्हतं.

या नोंदींत मेनखेपेर्रेच्या नावाबरोबर 'वर्ष ४८' येतं. आणि एका पट्टीवर, जिचा सुरुवातीचा भाग गेला आहे, 'राजा आमेनेमोपे, वर्ष ४९' अशी अक्षरं आहेत. आमेनेमोपे हा प्सुसेनेसच्या पाठोपाठ आलेला राजा, मानेथो त्याला नऊच वर्षं देतो. म्हणजे ४९ हे वर्ष त्याचं असू शकत नाही. मग कोणाचं?

इथे अभ्यासकांचे दोन तट पडतात. ब्रिटिश इजिप्ततज्ज्ञ केनेथ किचन यांचं म्हणणं असं की पट्टीवर मुळात दोन तारखा होत्या. आधी आमेनेमोपेचं कुठलंतरी सुरुवातीचं वर्ष, ते फाटून गेलं, फक्त राजाचं नाव उरलं. नंतर 'वर्ष ४९', ते म्हाताऱ्या प्सुसेनेसचं. म्हणजे शेवटी शेवटी दोघे एकत्र गादीवर होते. दुसरा तट जर्मन तज्ज्ञ कार्ल यान्सन-विंकेल्न यांचा. ते म्हणतात की या म्हणजे एकविसाव्या राजवंशाच्या पहिल्या अर्ध्या काळात थीब्जचे प्रमुख पुरोहित स्वतःच्याच अधिकाराची वर्षं मोजत होते, उत्तरेच्या राजाची नाही. तसं असेल तर ४८ आणि ४९ ही दोन्ही मेनखेपेर्रेची वर्षं, आणि प्सुसेनेसच्या कारकिर्दीला त्यांचा आधार राहत नाही.

दुसरा तर्क हलका नाही. मेनखेपेर्रे साधा पुजारी नव्हता. त्यानं काही ठिकाणी आपलं नाव राजासारखं कार्तूशमध्ये, म्हणजे त्या लंबगोल चौकटीत, लिहवून घेतलं आहे. एल-हिबा हा पुरोहितांच्या मुलखाच्या उत्तर सीमेवरचा किल्ला. तिथल्या विटांवर त्याचं आणि इसेतेमखेबचं नाव ठोकलेलं आहे. आणि लूव्ह्र संग्रहालयातला तो 'हद्दपारीचा शिलालेख': वर्ष २५ मध्ये मेनखेपेर्रे थीब्जला येतो, कसल्याशा बंडाळीनंतर शिस्त लावतो आणि ओअॅसिसमध्ये हद्दपार केलेल्यांना आमुनच्या कौलानं परत बोलावतो. या सगळ्यात तानिसचा राजा कुठे दिसतही नाही. जो माणूस राजासारखा वागतो तो वर्षंही स्वतःचीच मोजत असेल, हे म्हणणं पटण्यासारखं आहे.

तरीही मी किचन यांच्या बाजूला झुकतो. त्याचं कारण पट्टीवर नाही, थडग्यात आहे. प्सुसेनेसच्या देहावरच्या दागिन्यांत कंकणांची एक जोडी होती, तिच्यावर प्रमुख पुरोहित स्मेंदेसचं नाव आहे. हा आधीचा राजा स्मेंदेस नव्हे, हा मेनखेपेर्रेचा मुलगा, म्हणजे प्सुसेनेसचा पुतण्या. काकाला मूठमाती देताना पुतण्या प्रमुख पुरोहित झालेला होता. याचा सरळ अर्थ असा की मेनखेपेर्रे तोवर वारला होता, निदान पदावर तरी नव्हता. मग प्सुसेनेसच्या नंतरच्या, आमेनेमोपेच्या राज्यात 'मेनखेपेर्रेचं वर्ष ४९' कसं येईल? दोघांची राज्यं एकत्र चालू होती असं धरलं तर येऊ शकेल. पण मग त्या खटपटीपेक्षा ते वर्ष प्सुसेनेसचं मानणं अधिक सरळ. हा निर्णायक पुरावा नाही. पुतण्याच्या पदावरून काकाच्या वर्षांचा अंदाज बांधणं ही दोन उड्यांची वाट आहे. पण दोन्ही वाचनांत कमी जोडाजोड कुठे करावी लागते हे बघणं, एवढंच आमच्या कामात बहुतेकदा हाती असतं.

तिसरा पुरावा त्याच्या हाडांचा. तानिसच्या दमट जमिनीत ममी टिकली नाही, आत नुसता सांगाडा उरला होता. डॉ. डग्लस डेरी यांनी तो तपासला तेव्हा तो म्हाताऱ्या माणसाचा निघाला. दीर्घ कारकिर्दीशी हे जुळतं. पण म्हातारा माणूस साठीत गादीवर बसूनही म्हाताराच असतो, म्हणून या पुराव्याला मी 'विरोध करत नाही' एवढंच वजन देतो. काही लेखांत हाडांवरून राज्यवर्षं सिद्ध केल्यासारखं लिहिलेलं असतं, ते वाचून सोडून द्या.

म्हणजे मानेथोचं ४६ आणि पट्टीवरचं ४९ एकमेकांच्या जवळ येतात आणि देहाचं वय आड येत नाही. ४१ मला नकलेतली चूक वाटते. आणि कोणतंही 'वर्ष ४९' म्हणजे एकोणपन्नासावं चालू वर्ष, म्हणजे पूर्ण झालेली अठ्ठेचाळीस. हा एका वर्षाचा घोळ लोकप्रिय लेखनात सर्रास आढळतो.

आता तुमचा दुसरा भाग: एवढी श्रीमंती असूनही तो अनोळखी का?

फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पियेर मोंते तानिसला, म्हणजे आजच्या सान अल-हगर गावाजवळ, १९२९पासून खणत होते. आमुनच्या देवळाच्या आवारात, विटांच्या बांधकामाखाली, १९३९च्या सुरुवातीला त्यांना राजांची थडगी लागली. मार्चमध्ये ते प्सुसेनेसच्या थडग्यात उतरले. भिंतींवर प्सुसेनेसचं नाव, पण समोर होती ससाण्याच्या तोंडाची चांदीची शवपेटी, आणि ती निघाली शेशोंक नावाच्या, तोवर कुणाला ठाऊक नसलेल्या राजाची. नंतरच्या काळात कुणीतरी त्याला पुढच्या दालनात आणून ठेवलं होतं. प्सुसेनेसचं दालन मागे, दगडांनी बंद केलेलं होतं. ते फेब्रुवारी १९४०मध्ये उघडलं. त्याच्या शेजारचं, राणी मुतनोद्जमेतसाठी केलेलं दालन एप्रिलमध्ये उघडलं, त्यात आमेनेमोपे होता. तारखा बघा. युरोपात महायुद्ध पेटलेलं, मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. वर्तमानपत्रांना फॅरोसाठी जागा नव्हती. १९२२ साली तुतनखामुन सापडला तेव्हा जग निवांत होतं आणि बातमीला भुकेलेलं होतं. प्रसिद्धीच्या फरकाचं निम्मं कारण एवढंच आहे.

उरलेलं निम्मं तानिसच्या मातीत आहे. दमट मातीत लाकूड, कापड, कातडं सगळं नष्ट झालं. तुतनखामुनच्या थडग्यातल्या ज्या गोष्टी लोकांना भुलवतात, खुर्च्या, रथ, पंखे, पेट्या, तसलं इथे काही उरलं नाही. धातू, दगड आणि मणी राहिले.

पण त्या धातू-दगडांतून कारकिर्दीबद्दल बरंच वाचता येतं, आणि मला वाटतं तुम्ही संग्रहालयात नेमकं हेच पाहायचं राहून गेलं. देह चार थरांत होता. सर्वांत बाहेर तांबूस ग्रॅनाइटची शवपेटी, तिच्या आत काळ्या ग्रॅनाइटची मानवाकृती पेटी, तिच्या आत चांदीची, आणि चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा. बोटांना सोन्याच्या टोप्या, पायांत सोन्याचे जोडे. आता यातल्या दगडी पेट्या त्याच्या नाहीतच. काळी एकोणिसाव्या राजवंशातल्या कुठल्याशा बड्या अधिकाऱ्याची. आणि तांबूस ग्रॅनाइटची पेटी फॅरो मेर्नेप्ताहची, दुसऱ्या रामेसेसचा मुलगा तो, प्सुसेनेसच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीचा. तिच्यावरची मेर्नेप्ताहची नावं खोडून प्सुसेनेसची घातली, पण एक जागा राहून गेली. तिथे मूळ मालकाचं नाव अजून वाचता येतं.

आपल्याकडे १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. ती नहपानाची होती, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. तिथे जिंकणाऱ्यानं हरलेल्याच्या नाण्यावर छाप मारला, हे उघड आहे. मेर्नेप्ताहच्या शवपेटीवरून मात्र तसा निष्कर्ष काढू नका. तिथे कुणी कुणाला हरवलेलं नव्हतं.

ही पेटी होती लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात, म्हणजे मेनखेपेर्रेच्या मुलखात. त्या काळात खोऱ्यातली थडगी लुटली जात होती आणि प्रमुख पुरोहित जुन्या फॅरोंच्या ममी काढून, नव्यानं गुंडाळून, सुरक्षित जागी हलवत होते. पिनेद्जेमच्या हुकमाच्या नोंदी त्या ममींच्या कापडांवर आहेत. देर अल-बहारीची १८८१मध्ये उघडकीला आलेली प्रसिद्ध साठवण याच हालचालींची फलश्रुती. हलवता हलवता थडग्यांतलं मौल्यवान सामान पुरोहितांच्या हाती येत होतं. ग्रॅनाइटची ती अजस्र पेटी खोऱ्यातून काढून, नदीवर आणून, नाईलच्या प्रवाहानं शेकडो किलोमीटर उत्तरेला पाठवणं पुरोहितांच्या संमतीशिवाय अशक्य होतं. म्हणजे ही चोरी नाही. कुटुंबातली देवघेव आहे. दोन घराण्यांचे संबंध कसे होते हे सांगणारा एकही तह आपल्याकडे नाही. ही पेटी मात्र आहे, आणि ती तहाइतकीच बोलकी आहे.

मग चांदी. लोक चांदीची पेटी बघून 'सोनं परवडलं नसेल' म्हणतात. उलट आहे. सोनं इजिप्तला नूबियाकडून आणि पूर्वेच्या वाळवंटातून मिळे. चांदी बाहेरून आणावी लागे. एकविसाव्या राजवंशाच्या हातात नूबिया राहिला नव्हता, पण तानिस समुद्राकडे तोंड करून बसलेलं व्यापारी शहर होतं. प्सुसेनेसच्या दागिन्यांत लाजवर्दाचा, म्हणजे गडद निळ्या दगडाचा, एक मणी आहे, त्यावर अॅसिरियाच्या कीलाक्षरांत एका वजीरानं आपल्या मुलीसाठी देवांना केलेली विनवणी कोरलेली आहे. तो मणी मेसोपोटेमियातून तानिसला कसा पोचला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पोचला. शिवाय दुसऱ्या रामेसेसच्या नावाची एक कांस्याची शेगडीही त्या थडग्यात होती. या कारकिर्दीचं चित्र मला असं दिसतं: बाहेरच्या जगाशी व्यवहार चालू आहे, पूर्वजांचं भांडवल वापरात आहे, आणि नवीन खाणी उघडण्याची किंवा मोहिमा काढण्याची ताकद नाही.

त्यानं केलं काय, असंही तुम्ही विचाराल. मुख्यतः तानिस उभं केलं. आमुनच्या देवळाभोवती विटांचा मोठा कोट बांधला, त्या विटांवर त्याच्या नावाचे ठसे आहेत. थीब्जमध्ये आमुन, मुत आणि खोन्सू यांची देवळं होती, तशीच इथे उत्तरेत. राजधानी सोडली पण देव सोडले नाहीत, असा तो प्रकार. स्वतः राजा असूनही तो आमुनचा प्रमुख पुरोहित ही पदवी लावतो आणि कधी कधी आपलं नाव 'रामेसेस-प्सुसेनेस' असं लिहितो. नव्या घराण्यातल्या माणसाला जुन्या मोठ्या नावाची गरज वाटत होती हे उघड आहे.

दगड मात्र त्यानं आणि त्याच्या आगेमागेच्या राजांनी जवळच्या पि-रामेसेसमधून उचलून आणले. रामेसेसांची ती राजधानी नाईलचा पेलुझियाचा फाटा गाळानं भरल्यावर ओस पडत चालली होती. तिथले ओबेलिस्क (टोकदार उंच दगडी स्तंभ), पुतळे, खांब सगळे तानिसला आले. मोंतेंना जिथे तिथे दुसऱ्या रामेसेसचं नाव दिसू लागलं आणि त्यांचा ठाम समज झाला की तानिस हेच पि-रामेसेस. पुढे लबीब हबाशी आणि मानफ्रेड बीटाक यांच्या कामामुळे खरं पि-रामेसेस दक्षिणेला कांतीरला होतं हे पक्कं झालं. या सगळ्यात प्सुसेनेसचं नुकसान झालं ते असं की त्याच्या शहरात फिरणाऱ्याला दर दगडावर दुसऱ्याच राजाचं नाव दिसतं. जो राजा जुने दगड पुन्हा लावतो, त्याच्या कारकिर्दीवर कुणी पुस्तक लिहीत नाही.

एक गोष्ट सहसा सुटते म्हणून सांगतो. १९४६मध्ये प्सुसेनेसच्याच थडग्यात दडवलेलं आणखी एक दालन सापडलं, वेन्द्जेबाएन्द्जेद नावाच्या सेनापतीचं. त्यालाही सोन्याचा मुखवटा. आणि त्याच्या भांड्यांवर राजाची व राणीची नावं आहेत, म्हणजे ती त्यांनी दिलेली. राजाच्या थडग्यात राजघराण्याबाहेरच्या सेनापतीला जागा मिळणं फार क्वचित घडतं. उत्तरेतलं राज्य प्रत्यक्षात कोणाच्या जोरावर चाललं होतं, याचा मला दिसणारा हा सर्वांत स्पष्ट इशारा आहे.

सनांचं राहिलं. तुम्हाला कुठे इ.स.पू. १०४७–१००१ दिसलं असेल, कुठे १०३९–९९१. यातला गोंधळ प्सुसेनेसमुळे नाही. या काळातले सन पुढून मागे मोजत येतात. बाविसाव्या राजवंशाचा पहिला शेशोंक इ.स.पू. ९४५च्या आसपास गादीवर आला असं धरतात आणि तिथून एकेका राजाची वर्षं वजा करत मागे जातात. साखळीतल्या एका राजाला दोन वर्षं जास्त दिली की मागचे सगळे सरकतात. त्यामुळे वेगवेगळ्या पुस्तकांतले सन एकमेकांत मिसळू नका. एकातून सुरुवात आणि दुसऱ्यातून शेवट घेतला तर छप्पन्न वर्षांचं किंवा अडतीस वर्षांचं राज्य तयार होतं, आणि इंटरनेटवर तसं झालेलं आहे. एका पुस्तकातले दोन्ही सन घ्या, कोणतं ते लिहा.

तुमच्या फोटोखाली ओळ हवी असेल तर 'प्सुसेनेस पहिला, एकविसावा राजवंश, तानिस, कारकीर्द सु. ४६ ते ४९ वर्षं, इ.स.पू. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून' एवढं पुरेसं आणि बिनचूक आहे. पुन्हा कैरोला गेलात तर हेही लक्षात ठेवा की तुतनखामुनचा खजिना गिझाच्या नव्या संग्रहालयात हलवला आहे, तानिसचा मात्र तहरीरलाच आहे. आता तिथे गर्दी कमी असते, मेर्नेप्ताहची ती पेटी निवांत पाहता येईल.